शंभर टक्के लोकल

चंद्रपूरकडे 'लोकल' ही काही शिवी नाही, पण तिचं घर शिवीच्या अगदी शेजारी आहे. गॅरेजवाला विचारतो, "ओरिजिनल टाकू का लोकल?" आणि आपण इकडेतिकडे बघून हळूच म्हणतो, "लोकलच टाक, गाडी विकाचीच आहे." आठवड्यात जळतो तो चार्जर लोकल. पहिल्या धुण्यात बादलीभर रंग सोडते ती साडी लोकल. एखाद्या डॉक्टरला कुणी लोकल म्हटलं, की त्याच्या पेशंटांनी उठून घरी जायचं असतं.

ऊर्जानगर या वीज केंद्राच्या कॉलनीच्या गेटाकडून शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्रूचं कूलरचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे शेड, मागे दोन खोल्या, आणि दोन्हींवर नजर ठेवून असलेली त्याची बायको मनकर्णा. बापाने नाव पत्रू ठेवलं आणि नशिबाने हातात पत्रा दिला. हा विनोद प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्याने सुचायचा आणि पत्रू प्रत्येक वेळी नव्याने हसायचा. धंदा म्हटला की एवढं करावं लागतं.

पण त्याला कुणी गरीब बिचारा कारागीर समजू नये. माणूस चांगला गर्विष्ठ होता. कूलरला तो 'पीस' म्हणायचा, शेडला 'कंपनी', आणि जवळपास कुणी नसलं की स्वतःला 'आम्ही'. तयार झालेल्या प्रत्येक कूलरच्या छातीवर तो लाल रंगात 'पत्रू डिलक्स' असं उमटवायचा. मनकर्णेचं म्हणणं होतं की कूलरपेक्षा अक्षरंच जास्त जागा खातात. पत्रूचं म्हणणं होतं की हवा कुणालाही दिसत नाही, नाव दिसतं.

इकडे लग्नं उन्हाळ्यात होतात, आणि उन्हाळा असा की वरात दारी येईपर्यंत नवरदेव अर्धा वाळलेला असतो. म्हणून लेकीच्या आंदणात कपाट, दिवाण, भांडी यांच्या रांगेत कूलर लागतोच. मांडवात आंदण मांडलं की नवऱ्याकडच्या बाया एकेक वस्तू ठोकून, वाजवून, उलटी करून बघतात. "कंपनीचा आहे का लोकल?" हे तिथे नवरीच्या तोंडावर विचारलं जातं, आणि जे काही उत्तर निघेल ते तिला सासरी जन्मभर ऐकावं लागतं.

त्या साली जिवतीकडच्या डोंगरात सामूहिक विवाह होता. समितीचा अध्यक्ष मनसाराम. त्याची स्वतःची लेक दिव्यानीही त्याच मांडवात बसणार होती. प्रत्येक जोडप्याला समितीतर्फे एक कूलर द्यायचा आणि तो पत्रूकडून घ्यायचा, असं तोंडी ठरलं होतं. पत्रूला आनंदाने जेवण जाईना. भरल्या मांडवात, सगळ्या गावांच्या देखत, ओळीने उभे 'पत्रू डिलक्स'! त्यानंतर डोंगरातल्या कुठल्याही लग्नात दुसरं नाव निघालं असतं तर आश्चर्य. आणि हे हुकलं तर पावसाळ्यात पुन्हा वीज केंद्रातल्या ठेकेदाराच्या गेटासमोर मजुरीसाठी डबा घेऊन उभं राहायचं. लग्नाआधी तो तिथे राबला होता. तिथे त्याचं नाव पत्रू नव्हतं, 'ए हेल्पर' होतं. पत्रूला उपाशी राहण्याची तेवढी भीती नव्हती, जेवढी त्या हाकेची होती.

अशा ऐन मोसमात एका दुपारी दुकानासमोर गाडी थांबली, काचा बंद, आतून गारेगार. उतरल्या मयुरीबाई. ऊर्जानगरातल्या एका इंजिनिअर साहेबांच्या पत्नी आणि तिथल्या सखी-संकल्प मंडळाच्या अध्यक्ष. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यावर छापलेलं 'स्थानिकांना साथ द्या'. पिशवी ऑनलाइन मागवली होती, कारण तशी चांगली पिशवी इथे मिळत नाही.

"पत्रूभाऊ," बाई म्हणाल्या, "यंदा आमच्या मंडळाने लोकल संकल्प केलाय. त्यासाठी आम्हाला एक चेहरा हवा होता. आणि तुम्ही अगदी... काय सांगू, अगदी लोकल आहात!"

पत्रूचा चेहरा पडला. आत मनकर्णा कूलरच्या ताटीत गवत भरत होती, तिचा हात थांबला.

"नाई म्याडम," तो म्हणाला. "आपला माल लोकल नाई. कोन सांगतलं तुमाले?"

"अहो, लोकल म्हणजे चांगलं!"

"कुठी?"

प्रश्न मनापासून होता. बाईंना तो विनोद वाटला आणि त्या छान हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं: मोठ्या कंपन्या, परदेशात जाणारा पैसा, आपली माती, आपली माणसं. सगळं खरं होतं आणि मन लावून सांगितलेलं होतं. पत्रूला त्यातलं काही पटलं नाही. मग बाई म्हणाल्या, "आमच्या कॉलनीत क्वार्टर किती आहेत, माहितेय ना? सगळ्याजणी तुमच्याकडूनच घेणार!" हे मात्र त्याला लगेच पटलं. डोळ्यांपुढे क्वार्टरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि प्रत्येक खिडकीत एकेक पत्रू डिलक्स.

त्याने मान हलवली. फोटोसाठी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, तर बाईंनी तो काढायला लावला. शर्टात तो तितका अस्सल वाटत नव्हता. मग बनियनवर, हातात हातोडा देऊन, मुद्दाम चेहऱ्यावर पाणी मारून फोटो घेतला. दोन दिवसांनी शेडवर फ्लेक्स चढला, एवढा मोठा की 'पत्रू डिलक्स कूलर कंपनी' हा जुना बोर्ड त्याच्याखाली गडप झाला. वर बनियनमधला पत्रू आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'अभिमानाने लोकल! इथे शंभर टक्के लोकल माल मिळेल!'

परिणाम लगेच दिसला. एक जोडपं कूलर बघायला आलं, नवऱ्याने फ्लेक्स मोठ्याने वाचला, बायकोने त्याचा हात धरून त्याला तसाच परत नेला. एका ऑटोवाल्याने ऑटो थांबवला, खाली उतरला आणि पत्रूशी हात मिळवला. म्हणाला, "इमानदारी पायजे तं अशी भाऊ! नाईतर आजकाल कोन कबूल करते?"

मग मनसाराम आला. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून त्याने फ्लेक्स वाचला, डोळे बारीक करून परत वाचला, आणि मग रस्ता ओलांडला.

"पत्रू, हे काय होय रे?"

"कॉलनीच्या म्याडमनं लावलं जी. लोकल म्हणजे चांगलं म्हणते."

"तिच्या घरी काय हाये?"

"एसी."

"कंपनीचा?"

"हव."

"मंग?"

पत्रूने पाण्याचा गिलास पुढे केला. मनसाराम खुर्चीवर बसला, पाणी प्यायला. माणूस वाईट नव्हता. "तुहा माल बेकार हाये असं मी नाई म्हणून राह्यलो," तो म्हणाला. "पन मांडवात साऱ्या गावचे लोक राह्यते. एकानं जरी म्हटलं ना, का अध्यक्षानं पोरीयले लोकल देल्ला, तं मी तोंड कुठी लपवू? दिव्यानीची सासू बुधरी कशी हाये, तुले माहीत नाई. नळाचं पाणीबी वाजवून पायते ते. उतरव हे. सोमवारी येतो, मंग पक्कं करू."

पत्रू त्याच संध्याकाळी सायकल काढून कॉलनीत गेला. मयुरीबाईंनी त्याला बैठकीच्या खोलीत बसवलं, लिंबू सरबत दिलं. तिथे इतकं थंड होतं की त्याला हुडहुडी भरली.

"उतरवायचा?" बाईंना खरंच वाईट वाटलं. "अहो, रविवारी मोठ्या साहेबांच्या मिसेस येणार आहेत तुमच्या दुकानात! कॉलनीची ऑर्डर त्यांच्याच हस्ते जाहीर करायचीय. आणि आत्ता उतरवला तर लोकांचा लोकलवरचा विश्वासच उडेल हो."

तो आधीच उडाला होता, पण सरबत पिताना असं बोलता येत नाही. पत्रू परत आला.

"आजच उतरवा," मनकर्णा म्हणाली. "त्या फ्लेक्सले काय जीव हाये का, उतरवलं तं मरन?"

"रविवारी कॉलनीची ऑर्डर हाये."

"कोन देल्ली?"

"देणार हाये."

"मनसारामभाऊनं तं देल्ली होती," मनकर्णा म्हणाली, आणि जी तिकडे तोंड करून झोपली ती सकाळपर्यंत बोलली नाही. पत्रूने मात्र मनाशी दोन्ही डगरींवर नीट पाय रोवले. रविवारी कॉलनीची ऑर्डर घ्यायची, रविवारीच फ्लेक्स उतरवायचा, सोमवारी मनसाराम. यात चूक काय, ते त्याला शोधूनही सापडलं नाही.

रविवार मोठ्या थाटात पार पडला. मोठ्या साहेबांच्या मिसेस आल्या, फीत कापली, एका कूलरला हळदकुंकू वाहिलं. मयुरीबाईंनी भाषण केलं. त्यात 'लोकल' हा शब्द इतक्या वेळा आला की रस्त्याने जाणारे लोक काय विकलं जातंय ते बघायला थांबले. सगळ्याजणींनी पत्रूसोबत फोटो काढले. कुणीतरी व्हिडिओ काढला. मग ऑर्डर जाहीर झाली.

"पत्रूभाऊ, आम्हाला एवढेसे कूलर हवेत," बाईंनी हाताची वीत दाखवली. "टेबलावर ठेवायला. पाणी नको, पंखाही नको. फक्त कूलर दिसला पाहिजे. बाहेरच्या पाहुण्यांना भेट द्यायला."

पत्रू वितीकडे बघत राहिला. "आन मोठे?"

"मोठे कशाला? आमच्याकडे एसी आहेत ना सगळ्यांकडे. पण आम्ही तुमच्या पाठीशी आहोत! आणि हो, त्यांच्यावर वारली करून घ्या, म्हणजे अगदी लोकल वाटतील."

"वारलू?" पत्रू गोंधळला. "मागच्या गल्लीतला? तो पेंटर नाई म्याडम, ट्रॅक्टर चालवते."

"वारली हो! चित्रं! ती नाचणारी माणसं! आपली लोककला!"

ही आपली लोककला महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे काढतात, हे तिथे कुणालाच आठवलं नाही. मनकर्णेने चहाचे कप गोळा केले. कप आपटण्याचा आवाज जरा जास्तच झाला, पण बायका तोवर गाडीत बसल्या होत्या.

पत्रूने त्याच दुपारी फ्लेक्स फाडून काढला. घाईत जुन्या बोर्डाचा एक कोपराही निघून आला. पण व्हिडिओला काही जिवतीची बस लागत नाही. सोमवारी मनसाराम आला नाही, मंगळवारीही आला नाही. पत्रूने फोन लावला तेव्हा त्याचा आवाज ओशाळलेला होता. "समितीवाले ऐकून नाई राह्यले रे. म्हणते, आता तं तो स्वतःच व्हिडिओत कबूल करून राह्यला. शहरात निकेशशेठकडं कंपनीचा सांगतला आमी. राग नको मानू."

पत्रूने फोन ठेवला आणि तयार कूलरांकडे पाहिलं. मनसारामच्या भरवशावर त्याने मोसमभराचा पत्रा आधीच कापून ठेवला होता. तो ठेकेदाराकडे जाऊन यावं म्हणून शर्ट चढवत होता, तेवढ्यात शहरातून निकेशशेठ स्वतः आला.

निकेशशेठचं काचेच्या दरवाज्याचं शोरूम होतं. त्याने शेडभर नजर फिरवली, एका कूलरवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि खूश झाला.

"पत्रूभाऊ, एक ऑर्डर आहे जिवतीची. अर्जंट. कंपनीचा माल वरून यायले उशीर होते. तू बनवून दे. कलर निळा पायजे. तुहं नाव टाकाचं नाई. स्टिकर मी देतो. आन कोनाले सांगाचं नाई, बस."

त्याने पिशवीतून स्टिकरांची गुंडाळी काढली. त्यावर इंग्रजीत 'आल्पसन', मागे बर्फाचा डोंगर, आणि डोंगरावर एक पांढरं अस्वल.

पत्रूला क्षणभर काही समजेना. मग समजलं आणि कानशिलं गरम झाली. मनसारामने जो माल नाकारला, तोच माल, त्याच हाताने, त्याच पत्र्यातून, त्याच मांडवासाठी बनवायचा. मध्ये फक्त एक अस्वल बसवायचं. नाही म्हणावं, गुंडाळी तोंडावर फेकावी, असं त्याला फार वाटलं. पण अंगात ठेकेदाराकडे जायचा शर्ट होता. तो त्याने काढून खुंटीला लावला.

"अस्वल पांढरं काऊन जी?" शेठ गेल्यावर मनकर्णेने विचारलं. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या घरातली लेक ती, अस्वल तिने जवळून पाहिलं होतं.

"थंडीचं असन."

"आन तुमचं नाव?"

"नावानं हवा येते का?" पत्रू म्हणाला. हवा कुणाला दिसत नाही, नाव दिसतं, असं म्हणणारा माणूस तो हाच. त्या कामात त्याला एकदा-दोनदा रडू आलं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली माणसाच्या तोंडावर नेमकं काय वाहतंय ते कुणी विचारत नाही, तेवढी एक सोय होती. कूलर मात्र त्याने असे बनवले, जसे आयुष्यात बनवले नव्हते. रागाने बनवले म्हणा हवं तर.

लग्नाचं बोलावणं मनसारामने आठवणीने पाठवलं. ऑर्डर दिली नाही, निदान जेवण तरी द्यावं. पत्रू आणि मनकर्णा दोन बस बदलून डोंगरात पोहोचली. मांडव भरगच्च होता. एका बाजूला ओळीने निळे कूलर, प्रत्येकावर अस्वल. जनरेटरवर ते सगळे एकदम सुरू झाले तेव्हा मांडवभर 'आहाहा' झालं आणि म्हातारी माणसं खुर्च्या ओढत तिकडे सरकली.

मंडळाने लग्नाला देणगी दिली होती, म्हणून प्रमुख पाहुण्या मयुरीबाई होत्या. त्यांच्या हस्ते एकेका जोडप्याला कूलर दिला गेला. मग त्यांनी माइक घेतला. "माझ्या बंधुभगिनींनो, तुम्ही सगळे लोकल आहात, याचा मला अभिमान आहे!" मांडवात कुजबुज झाली. "बाई आपल्याले लोकल म्हणून राह्यली का रे?" मागे एक म्हातारा विचारत होता. मनसारामने घाईघाईने टाळ्या सुरू केल्या, तेव्हा कुठे वातावरण निवळलं.

खाली उतरल्यावर बाईंना पत्रू दिसला. "अरे वा, पत्रूभाऊ! बघा ना, एवढ्या आत डोंगरातसुद्धा कंपन्या पोहोचल्या. म्हणून तर आमची मोहीम आहे." त्यांना मनापासून हळहळ वाटत होती. बोलता बोलता त्या कूलरसमोर उभ्या राहिल्या आणि पदराने वारा घेणं थांबवलं.

तेवढ्यात मनसाराम आला. त्याने पत्रूच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला दिव्यानीच्या कूलरपाशी नेलं. दिव्यानी समोरच बसली होती, मुंडावळ्या हवेने मागे उडत होत्या. शेजारी तिची सासू बुधरी. ती आपल्याकडच्या बायांना सांगत होती, "वाजवून पायला मी. कंपनीचा हाये. आमच्या सूनबाईले लोकल नाई देल्ला कोनी." दिव्यानी खाली मान घालून हसत होती. सासरच्या माणसांपुढे तिचं हे पहिलं हसणं होतं.

"पाय पत्रू," मनसाराम म्हणाला. "हात लावून पाय. पत्रा पाय, हवा पाय. याले म्हणते कंपनीचा माल. तू असा काऊन नाई बनवत रे?"

पत्रूने हात लावला. शब्द जिभेवर आले होते. एक वाक्य बोललं असतं, की सगळ्या मांडवाने त्याच्याकडे बघितलं असतं. मनसाराम, मयुरीबाई, सगळी गावं. त्याला जे हवं होतं ते अगदी एका वाक्यावर होतं. पण त्या वाक्यानंतर बुधरीनेही मान वळवली असती, आणि दिव्यानीचा कूलर तिथल्या तिथे, चालता चालता, लोकल झाला असता. त्याच्यासोबत ओळीतला प्रत्येक कूलर. प्रत्येक नवरीला ते सासरी ऐकावं लागलं असतं, आणि ते ऐकायला लावणारं नाव पत्रूचं असतं.

"आपल्याच्यानं नाई होत भाऊ," पत्रू म्हणाला. "कंपनी ते कंपनी."

"असं नको म्हणू. शिकशीन हळूहळू." मनसारामने त्याची पाठ थोपटली.

"बरोबर आहे," मयुरीबाई म्हणाल्या. "लोकललाही संधी दिली पाहिजे."

पत्रूने मान हलवली. त्याच्या बाजूला मनकर्णा उभी होती. तिचा चेहरा पाहून त्याला धडकी भरली, की आता ही तोंड उघडते आणि सगळा मांडव डोक्यावर घेते. तिने तोंड उघडलंही. नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, लग्न झाल्यापासून कधी पाहिलं नव्हतं तसं, आणि मग पदर खोचून ती बायांच्या घोळक्यात शिरली.

"सरका वो बाई जरा," ती बुधरीला म्हणाली, "आमालेबी घेऊ द्या कंपनीची हवा." आणि कूलरच्या अगदी तोंडापुढे बसली. जेवणाच्या पंगतीला दोनदा बोलावलं, तरी ती उठली नाही.